तांबट आळीत अडकलेल्या तपेल्याविषयी

राजमान्य राजश्री श्रीनिवासभाऊ, मुक्काम वाई, यांच्या सेवेशी,

पुण्याहून, कसब्यातल्या तांबट आळीतून, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा यज्ञेश्वर याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हटलं तरी कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त पाच-सहा अंगं पोचती समजावीत.) इकडे सगळे जिवंत आहेत आणि त्यातले बरेचसे ठीक आहेत. आपला खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेता, की नुसताच उकळून झाकून ठेवता? वहिनींच्या डोळ्यांना उतार पडला का? मुक्ताबाई आपल्याला नमस्कार सांगते, आणि संक्रांतीला आपण पाठवलेला गूळ ओला निघाला असंही सांगते. हे दुसरं लिहू नये असं माझं मत होतं, पण ती समोर तांदूळ निवडत बसली आहे आणि माझ्या तोंडाकडे बघून मी काय लिहितो ते तिला कळतं.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण आळस नव्हे. कारण एक तपेलं आहे. ते आमच्या घरापुढे आळीत अडकलं आहे, आणि त्याच्यापायी आमची ओसरी पाडायचा सरकारी हुकूम निघाला आहे. ओसरी म्हणजे तिथेच माझी ऐरण, तिथेच भाता, तिथेच गिऱ्हाईक टेकतं. ती गेली की मी तांबट उरत नाही, नुसता म्हातारा उरतो. पण एवढ्यावर आपल्याला काही उमगायचं नाही, म्हणून मुळापासून सांगतो. आपण जरा टेकून बसावं.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला चावडीवरचे विसाजीपंत कारकून आळीत आले. (पंत म्हणजे फार सज्जन गृहस्थ. उंचीने बेताचे, आवाजाने मोठे.) त्यांनी आम्हा सगळ्यांना देवळापुढे बसवलं आणि एक लांबलचक कागद वाचला. त्याचा मथितार्थ असा, की पुण्यात तांब्याची भांडी बावीस घरांत होतात, आणि बावीस घरं म्हणजे बावीस तोंडं आणि बावीस रडगाणी. अशाने राज्याचा उदीम वाढत नाही. त्यापेक्षा एकच दांडगा कारखाना उभा केला तर परमुलखाची भांडी यायची बंद होतील, दौलत बळकट होईल आणि टोपीकर तोंडात बोट घालून बघत राहील. हा दांडगा कारखाना काढायचा मान पेठेतल्या आप्पासाहेबांना. आप्पासाहेब कापसाचा व्यापार करतात, घोड्यांचा करतात, साखरेचा करतात. तांब्याचा त्यांना अनुभव एवढाच, की ते तांब्यातून पाणी पितात. तर चौलच्या बंदरावरून येणारं तांबं आधी त्यांनी निवडून घ्यावं, त्यावर जकात माफ. भट्टीचं लाकूड सरकारी रानातलं. जागा म्हणून आमच्या आळीच्या बंद टोकाला जे मैदान आहे, जिथे आम्ही भांडी चिंचेने घासून उन्हात मांडत होतो, ते फुकट. आणि आम्हाला? आम्हाला आप्पासाहेबांनी नको म्हटलेलं तांबं, पूर्ण जकात देऊन.

मी उठून विचारलं, पंत, ज्याच्या घरी आधीच भरलेलं आहे त्याला माफी आणि ज्याच्या घरी खडखडाट आहे त्याच्याकडून वसुली, हे कसं? पंत माझ्याकडे मायेने बघून म्हणाले, "यज्ञेश्वरबाबा, वरच्याला बळ दिलं की ते झिरपत झिरपत खाली येतं." भाऊ, मी चाळीस वर्षं भांडी करतो. आमच्या धंद्यात भांड्यातून काही झिरपत खाली आलं तर गिऱ्हाईक ते भांडं परत आणून तोंडावर आपटतं. पण तो सरकारी कागद होता, म्हणून मी खाली बसलो.

कारखाना मात्र उभा राहिला तो दृष्ट लागेलसा. खोटं कशाला सांगू, त्यांचा भाता पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दोन बैल फिरतात आणि भाता श्वास घेतो. आळीतले सोळा जण तिकडे कामाला गेले. जातील नाहीतर काय करतील, घरी तांबंच येत नव्हतं. तिथली रीत अशी, की एकाने फक्त बूड ठोकायचं, दुसऱ्याने फक्त काठ वळवायचा, तिसऱ्याने फक्त मठार पाडायचा. (मठार म्हणजे ते हातोडीचे चकचकीत ठसे, ज्यांच्यासाठी वहिनी आमचं घंगाळ शेजारणींना दाखवतात.) तीन महिन्यांनी आमच्या शेजारच्या पोराच्या बारशाला त्याच्या बापाने, म्हणजे बूड ठोकणाऱ्याने, हौसेने घरी एक लोटा करायला घेतला. बूड असं सुरेख झालं म्हणता. पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. बारसं झालं, लोटा ताटली म्हणून वापरतात.

मोठेपणाशी माझं वैर नाही हे आपल्याला माहीत आहे. एखाद्याचा हात चांगला असला, गिऱ्हाईक त्याच्या दारी लोटलं, आणि तो वाढत वाढत डोंगराएवढा झाला तर मी स्वतः त्याला नारळ देईन. पण सरकारने उचलून खांद्यावर बसवलेला माणूस उंच दिसला म्हणून तो वाढला असं होत नाही, खाली सरकारचा खांदा असतो. आणि तो खांदा जकातीवर पोसलेला, जकात आमची. म्हणजे आम्हीच आप्पासाहेबांना खांद्यावर घेऊन त्यांच्या उंचीचं कौतुक करायचं. असो. उगाच रक्त तापतं. मुक्ताबाई म्हणते पाणी पी. प्यालो.

आता तपेलं. माघात सरकारवाड्यात मोठं अनुष्ठान होतं, त्याच्या सांगतेला पाच हजार पान. अशा वेळी आमच्या आळीतून भाताची चाळीस तपेली जायची, हा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. आप्पासाहेब म्हणाले, चाळीस कशाला, एकच करतो, पाच हजारांचा भात एकात. सरकारवाड्यात हे फार आवडलं. मुख्य आचारी बिचारा म्हातारा, त्याने हळूच विचारलं की एवढा भात ढवळायचा कशाने, तळाचा लागला आणि वरचा कच्चा राहिला तर काय करायचं, आणि चुलीवरून उतरवायचं कोणी. त्याला सांगितलं की तुझी नजर लहान आहे. (चाळीस वर्षं त्याच्या नजरेने शिजलेलं सगळ्यांनी खाल्लं, तेव्हा ती पुरेशी होती.)

मापं घ्यायची वेळ आली. आळीची रुंदी विसाजीपंतांनी स्वतः मोजली, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, अशी रस्त्यावर ओणवं होऊन, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आमच्या घरापुढे आळी सर्वांत चिंचोळी, तिथे भरली आठ हात. तपेल्याची रुंदी मोजली कारखान्यावरच्या हिंदुरावांनी. हे पूर्वी घोडदळात होते, आता कामकऱ्यांवर देखरेख करतात. दारातून वाकून शिरावं एवढी उंची, आणि हात असे की उभ्याने गुडघे खाजवावेत. त्यांच्या हाताने तपेलं झालं सात हात. कागदावर आठातून सात गेले, एक हात मोकळी जागा उरली, सही झाली, शिक्का झाला. हात कोणाचा, हे विचारायची कागदाला सोय नसते. आळीतल्या बायकांनी नुसतं बघून सांगितलं होतं की हे निघायचं नाही, पण बायकांचं माप दप्तरात धरत नाहीत.

तपेलं न्यायला धायरीहून भैरू गाडीवानाला बोलावलं, आठ बैल आणि दगड वाहायची गाडी घेऊन. भैरूने तपेल्याभोवती एक फेरी मारली, मग आळीतून एक फेरी मारली, मग तंबाखू काढली. म्हणाला, "हे हितनं जायाचं न्हाई. माझ्या बैलास्नी बी कळतंय, बघा कशे उभे हाईत." हिंदुराव म्हणाले, "तुला हाकायला बोलावलंय, मोजायला नाही." भैरू म्हणाला, "मग हाकतो की. मला काय, आळी तुमची, तपेलं तुमचं." आणि त्याने हाकलं. आमच्या घरापाशी येऊन गाडीचा आस कडाडला, तपेलं घसरून खाली बसलं, आणि माझ्या ओसरीचा खांब आणि समोरच्या तुळजाबाईंची भिंत यांच्यात असं घट्ट रुतलं की बुधल्याला बूच बसावं. भैरूने बैल सोडले आणि मला म्हणाला, "बाबा, तुमच्या दारात आता सरकार बसलंय."

ते अजून बसलं आहे. त्याच्या पलीकडे तेरा घरं आणि अख्खा कारखाना, अलीकडे उरलेलं पुणं. मग लोकांनी दोन्ही अंगांना बाहेरून एकेक शिडी लावली आणि आतूनही एकेक. कोणीही आळीत जायचं म्हणजे शिडी चढायची, तपेल्यात उतरायचं, चार पावलं चालायचं, दुसरी शिडी चढायची आणि पलीकडे उतरायचं. भाजीवाली वर चढायला कंटाळली, ती आता आतच बसते. तुळजाबाई विधवा बाई, पापड लाटून विकतात. त्यांनी बघितलं की दुपारी तांबं तापतं, तर त्या आतल्या अंगाला पापड लावतात, घटकाभरात कडक. दांडग्या कारखान्यातून गरिबाला आजवर काही मिळालं असेल तर ते हे पापड. स्वतः आप्पासाहेब पालखीतून आले. पालखी अडली तेव्हा त्यांना शिडीवर चढवलं, आत उतरवलं, आणि आत उभे राहून ते चार शब्द बोलले की घाबरू नका, उद्योगात अडचणी यायच्याच. तपेल्यात आवाज असा घुमला, की त्यांचा त्यांनाच आवडला, आणि चाराचे चारशे शब्द झाले. पापड मोडले ते वेगळेच.

सांगतेचा दिवस तोंडावर आला. भात शिजायला तर हवा. तेव्हा त्या म्हाताऱ्या आचाऱ्याने गुपचूप आम्हाला निरोप धाडला, आणि आम्ही बावीस घरांतली जुनी तपेली काढली, कल्हई केली, आणि चाळीसच्या चाळीस त्या शिड्यांवरून हातोहात बाहेर दिली. पाच हजार पान उठलं, कोणाचा भात कच्चा नाही. सरकार अतिशय संतुष्ट झालं. ऐनवेळी चाळीस तपेल्यांची व्यवस्था लावल्याबद्दल आप्पासाहेबांना शेला-पागोटं मिळालं. मला खरंच हसू आलं, भाऊ. हसताना कंबरेत चमक भरली, तरी हसू थांबेना.

पण दुसऱ्याच दिवशी पंत हुकूम घेऊन आले. तपेलं बाहेर काढायचं, म्हणून माझ्या बाजूच्या नऊ ओसऱ्या पाडायच्या, येत्या पौर्णिमेला, पहिली माझी. मी चावडीवर गेलो. म्हटलं, पंत, तपेलं कापा. दोन दिवसांचं काम आहे, मी स्वतः फुकट कापतो, त्यातून चाळीस तपेली करून देतो. पंतांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, तपेलं कापलं तर मोठ्या उद्योगाचं मन खचेल. मी म्हटलं, ओसरी पाडली तर माझं खचेल. ते म्हणाले, "तुमचं लहान आहे, लवकर सावरेल." मग म्हणाले, बाबा, राज्य वाढायचं तर असा त्याग लागतो. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, पंत, धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तांब्याचा गोळा ठोकला की पत्रा मोठा होतो, पण तांबं वाढत नाही. जितका पसरतो तितका पातळ होतो. तुम्ही आमच्या बावीस घरांचं तांबं एका ठिकाणी ठोकलंत, पत्रा मोठा दिसतो आहे, पण राज्यात रत्तीभर तांबं वाढलेलं नाही, उलट आता बोट लावलं तर आरपार जाईल. पंतांनी लेखणी शाईत बुडवली आणि पुन्हा पुसून ठेवली. मग म्हणाले की हे फार छान बोललात, पण दप्तरात याला रकाना नाही.

असं सगळं आहे. ऐरणीखालचा ओंडका माझ्या वडिलांनी पुरला, तो उपटायचा म्हणजे कुठून धरायचा हेही मला ठाऊक नाही. आपल्याला उगाच काळजीत टाकावं असा हेतू नव्हता, नुसतं मन मोकळं केलं. आपलं पत्र आलं तर बरं वाटेल, आपण आलात तर त्याहून. आणखी लिहायला शाई आहे, पण कंबर नाही.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. पत्र मिटताना आठवलं. निघता निघता पंतांनी दप्तर चाळून एक कलम वाचून दाखवलं, की मोठ्या कारखान्याच्या घराला, ओसरीला वा झाडाला कोणी हात लावू नये. मी विचारलं, मोठा म्हणजे केवढा? म्हणाले, वीसहून जास्त ऐरणी असतील तो मोठा. घरी येऊन मी आळी मोजली. बावीस. त्याच संध्याकाळी आम्ही सगळे देवळापुढे बसून मोठे झालो. म्हणजे काम तेच, घरं तीच, तांबंही तेच, फक्त कागदावर एक नाव आणि बावीस अंगठे. पंत द्वादशीला पाहणीला येणार. त्यांना एक गादी, एक लोड आणि त्यावर बसलेला एक मालक दिसला पाहिजे. इथेच घोडं अडलं आहे. आमच्यातला कोणीही गादीवर बसवला तरी मालक वाटत नाही. हात काळे, नखं चिंचेने खाल्लेली, आणि पाच पळं रिकामा बसला की हातोडी शोधतो. तेव्हा माझी खरी विनंती अशी, की आपण एकादशीपर्यंत यावं. आपला देह भव्य आहे, चेहऱ्यावर तेज आहे, आणि गेली बारा वर्षं आपण कसलंही काम केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. (हे मी आदराने लिहितो आहे.) जरीची पगडी आणावी. काही विचारलं तर नुसतं हुं म्हणावं आणि खिडकीकडे बघावं.

ता. क. दुसरा. जासूद दोन दिवस अडकला, म्हणून पुन्हा उघडून लिहितो. काल पंत म्हणाले की मोठ्या कारखान्याला सरकारातून जागाही मिळते, नुसता अर्ज करा. आमचं मैदान तर आप्पासाहेबांकडे गेलं, आणि भांडी मांडायला ऊन हवंच. जवळ मोकळी जागा एकच, नदीकडे कुंभारांची मडकी वाळवायची. आळीने अर्ज लिहिला. पहिली सही माझी आहे. आज सकाळी कुंभारांचा म्होरक्या येऊन ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि एवढंच म्हणाला की बाबा, मडक्याला ऊन आम्ही कुठून आणायचं. मी त्याला उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही, पंतांच्या तोंडी शोभलं असतं. मुक्ताबाई आत उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून ती ताट वाढते, पण बोलत नाही. अर्ज अजून चावडीवर गेलेला नाही, माझ्या अंगरख्यातच आहे. आपण आलात की गादीवर नंतर बसा, आधी बहिणीपाशी बसा. तिची समजूत पटवता आली तर पटवा. नाही पटली तर चार शब्द मला ऐकवा आणि तो कागद माझ्या हातातून काढून घ्या. मला एकट्याला तो फाडवत नाही.